खालच्या मजल्यावरचं जपान

ड्युसेलडॉर्फ, १९ फेब्रुवारी २०१७

ती. चारूआत्या,

नमस्कार, आणि हे घे तुझं पत्र. फोनवर मी नुसतं ‘मस्त’ म्हणून मोकळी होते, लिहायला बसले तर नीट बघेन, असं म्हणालीस ना? म्हणून खास शाईचं पेन आणलंय.

आखन शहर सोडून इथे आल्याला महिना झाला. देवदत्तची नवी नोकरी रुळली. माझं अजून काही नाही. सकाळी जर्मनचा क्लास, आणि मग दिवसभर मी आणि घराच्या भिंती. पण एक गोष्ट तुझ्यासाठी मुद्दाम राखून ठेवली होती. आत्या, या गावात जपान आहे!

स्टेशनाबाहेर पडून थोडं चाललं की इम्मरमानश्ट्रासं नावाचा रुंद रस्ता लागतो. आधी सगळं जर्मन, आणि मग एकदम पाट्या बदलतात. जपानी पुस्तकांचं दुकान, बेकरी, किराणा, न्हाव्याचं दुकानसुद्धा. नूडल्सच्या दुकानाबाहेर दुपारी रांग लागते. पुढे सुटातले जपानी साहेब, मागे जर्मन कॉलेजची पोरं. किराणा दुकानात मी तासभर फिरले आणि एकही पाकीट वाचता आलं नाही. मीठ समजून जे आणलं ते भलतंच निघालं, आणि ते आमटीत घातल्यावर कळलं. देवदत्त म्हणतो, जपानी कंपन्यांची ऑफिसं इथे खूप वर्षांपासून आहेत. साहेब लोक बायकामुलांसह चार-पाच वर्षांसाठी येतात आणि परत जातात.

आम्ही नदीपलीकडे ओबरकासलमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतो. आमच्या बरोब्बर खाली ओकुमुरा नावाचं जोडपं आहे. राहायला आलो तेव्हा मी बाईंना बेसनाचे लाडू नेऊन दिले. डबा परत आला तो बिस्किटं भरून, कागदात असा गुंडाळलेला की सोडवायला जीव होईना. आता रिकामा डबा कसा परत द्यायचा? मी शंकरपाळे भरले. तिकडून तांदळाचे कुरकुरीत चकत्यांसारखे प्रकार आले. मी चिवडा दिला. तिकडून चहाची पत्ती आली. हे आता थांबतच नाहीये. जिन्यात भेटलो की दोघी वाकतो, हसतो आणि आपापल्या तोडक्या जर्मनमध्ये हवेबद्दल बोलतो. तिचं जर्मन तीन आण्याचं, माझं चार आण्याचं. पण या बिल्डिंगमध्ये माझ्याशी बोलणारी ती एकटीच.

तू तीस वर्षं जपानी शिकवलंस आणि एकदाही जपानला गेली नाहीस. मला एक अक्षर येत नाही आणि मी जपानच्या डोक्यावर राहते. काय न्याय आहे!

तुझी शमिका

*

पुणे, ५ मार्च २०१७

चि. शमे,

आशीर्वाद आहेतच. आता चुका.

‘न्हाव्याचं दुकानसुद्धा’ म्हणजे मला काय कळलं? आत किती खुर्च्या? गिऱ्हाईक गप्पा मारतं की डोळे मिटून बसतं? रांगेतली माणसं एकमेकांशी बोलत होती का? बेकरीतल्या पावांना वास कसला? आणि इतकी मोठी नदी दाराशी असून पत्रात नदीबद्दल अवाक्षर नाही! ही तर कमालच झाली.

नदीचं एवढ्यासाठी विचारते की माझ्या वर्गात अकरावा धडा उन्हाळी जत्रेचा. नदीकाठी कागदी कंदील, ओळीने खाण्याच्या टपऱ्या, सुती युकाता नेसलेल्या बायका, हातात पंखे, आणि अंधार पडला की पाण्यावर दारूकाम. हा धडा मी किती इंजिनिअर पोरांना शिकवला असेन त्याला गणती नाही. ती पोरं तिकडे जाऊन आली, फोटो दाखवून गेली. मी इथेच. एकदा तुझ्या आजीचं आजारपण, एकदा माझी कावीळ, आणि आता गुडघे. तुमच्या त्या गावात जपानी लोक उन्हाळ्यात जत्रा भरवतात का? चौकशी कर आणि कळव.

आता डब्याचं. अगं, भांडं रिकामं परत करायचं नाही ही रीत त्यांच्यातही आहे. म्हणजे तुम्ही दोघी एकमेकींच्या जाळ्यात अडकल्या आहात! शिवाय घेतलेल्या भेटीची परतफेड हा त्यांच्याकडे फार बारकाईने पाळायचा मामला. तू दर आठवड्याला बिचारीच्या डोक्यावर ओझं चढवते आहेस. दोघींपैकी एकीने थांबायला हवं, आणि ती थांबणार नाही. तूच थांब. पुढच्या वेळी डबा स्वच्छ धुऊन, आभार मानून परत दे, आणि आता पुरे म्हणून गोड शब्दांत सांग. सुटल्यासारखं वाटेल तिला. तीस वर्षांच्या अभ्यासावरून सांगते आहे.

आणि ‘बाई’ नाही, ओकुमुरा-सान म्हण.

तुझी आत्या

*

ड्युसेलडॉर्फ, २१ मार्च २०१७

ती. आत्या,

आधी नदी. ऱ्हाइन आमच्या घरापासून चालत पाच मिनिटांवर. आमच्या बाजूला नुसतं गवताचं मैदान आहे आणि तिथे चक्क मेंढ्या चरतात. पलीकडच्या काठावर जुनं गाव, लांबलचक फरसबंद रस्ता आणि पाण्यापर्यंत उतरणाऱ्या रुंद पायऱ्या. मालवाहू बोटी इतक्या लांब की एक पूर्ण जाईपर्यंत माझा कॉफीचा कप संपतो. बोटीच्या शेपटाकडे खलाशाचं घर असतं, खिडकीला लेसचे पडदे, आणि छतावर त्याची मोटार उभी. मोटार घेऊन बोटीतून फिरायचं! मला हे बघायला रोज जावंसं वाटतं.

रविवारी नॉर्डपार्कातली जपानी बाग पाहिली. तळं, रंगीत मासे आणि पाइनची झाडं. एकेका फांदीला माणसाने हाताने वळण लावलंय, हे जवळ गेल्याशिवाय कळत नाही. आणि जत्रा आहे! मे महिन्यात, याच नदीकाठी, ‘यापान-टाग’ म्हणतात. ढोल, युकाता, टपऱ्या, शेवटी दारूकाम. तुझा अकरावा धडा जसाच्या तसा. आत्या, तू ये ना. आउसलेंडरबेहोर्डंमध्ये, म्हणजे परदेशी लोकांच्या कचेरीत जाऊन तुझ्या व्हिसासाठी हमीपत्र करून आणते, देवदत्त आत्ताच हो म्हणालाय.

आता वाईट बातमी. तू सांगितलंस तसं केलं. मागच्या आठवड्यात ओकुमुरा-सान एक डबा घेऊन आली होती. तिला डबा धुऊन परत दिला, आणि क्लासमध्ये विचारून पाठ केलेलं वाक्य म्हटलं, की खूप आभारी आहे, पण आता कृपया आणखी काही आणू नका. तिने डबा घेतला, उघडून पाहिला, वाकली आणि दार लावलं. तेव्हापासून ती जिन्यात थांबत नाही. मी वर येताना दिसले की पटकन आत जाते. सुटल्यासारखं वगैरे काही दिसत नाही, आत्या. मी काल दुकानातून आल्यावर तिच्या दारापाशी उगाच पिशवी आपटली, तरी दार उघडलं नाही.

आणि बिल्डिंगची देखभाल करणाऱ्या हाउसमाइस्टरकडून कळलं की मिस्टर ओकुमुरांची बदली झाली आहे. जूनमध्ये ते कायमचे परत जाणार. माझी इथली एकुलती एक मैत्रीण होती ती, आणि आता ती माझ्यावर रुसून जाणार. मला रडू येतंय, खरंच सांगते.

शमिका

*

पुणे, २ एप्रिल २०१७

चि. शमे,

तुझं पत्र वाचून मला जेवण गेलं नाही. उंटावरून शेळ्या हाकायची मला हौस, दुसरं काय! पण नुसतं हळहळून उपयोग नाही. माझा सल्ला कुठे चुकला ते मला कळलं पाहिजे. तेव्हा मी विचारते त्याची उत्तरं दे, आणि बारकाईने दे.

शेवटच्या डब्यात काय होतं? आधीच्या तिन्ही वेळांचं तू लिहिलंस, याचं नुसतं ‘एक डबा’. विकतचं होतं की घरचं? कागदात गुंडाळलेलं होतं का? ती दारात आली तेव्हा तिने काय केलं? देऊन लगेच गेली की थांबली? तुम्ही ते खाल्लंत का, आणि चवीला कसं होतं? ‘चांगलं होतं’ असं लिहिलंस तर पत्र परत पाठवीन.

यायचं म्हणतेस, पण मेमध्ये माझ्या विद्यार्थ्यांची परीक्षेची तयारी चालू असते, आणि माझ्या गुडघ्यांना विमानात आठ-नऊ तास बसवणार नाही. तू जत्रेला जा आणि मला लिही.

आत्या

*

ड्युसेलडॉर्फ, १४ एप्रिल २०१७

ती. आत्या,

तू पोलिसात जायला हवं होतंस.

कागद नव्हता. याच वेळी नव्हता, हे मला तू विचारल्यावर आठवलं. साधा प्लास्टिकचा डबा, बहुतेक तिच्या घरातलाच. आत सहा गोळे होते, केकच्या कागदी वाट्यांमध्ये ठेवलेले. पिवळट, जरासे बसके, एक तर कलंडून फुटला होता. मला वाटलं, असेल काहीतरी जपानी मिठाई. प्रत्येकाच्या डोक्यावर एक बेदाणा दाबून बसवलेला. चव भाजलेल्या डाळीच्या पिठासारखी, पण डाळीची नव्हे. कोरडी होती, टाळूला चिकटत होती. देवदत्तने दोन खाल्ले आणि पाणी प्यायला. उरलेले मी चहाबरोबर संपवले, टाकायचं जिवावर आलं.

आणि हो, ती थांबली होती. डबा दिल्यावरही दारातच उभी राहिली, माझ्या तोंडाकडे बघत. मला वाटलं हिला आत यायचंय. पण घरभर कपडे वाळत होते आणि मला लाज वाटली. मी ‘डांकं, डांकं’ असे आभार मानत दार लावून घेतलं.

एवढंच. यातून काय निघणार? तिला जाऊन विचारावं तर माझ्या जर्मनमध्ये रुसवेफुगवे बसत नाहीत. तू मला जपानीत चार ओळी लिहून दे. मी तिच्यासमोर वाचून दाखवीन.

शमिका

*

पुणे, २६ एप्रिल २०१७

अगं वेडे,

जपानी मिठाईवर बेदाणा? तीस वर्षांत मी वाचला नाही आणि ऐकला नाही. बेदाणा आपल्या बेसनाच्या लाडवावर असतो, आणि तो तू जानेवारीत तिला दिलास. शमे, ती तुझी परतफेड करत नव्हती. ती लाडू वळत होती!

त्यांच्याकडे भाजलेल्या सोयाबीनचं पीठ मिळतं. दिसायला आपल्या बेसनासारखंच. तिने चवीवरून ओळखलं, हे असंच काहीतरी आहे, आणि स्वतःच्या घरच्या पिठाचे लाडू करून पाहिले. तूप तिला कुठून ठाऊक असणार? म्हणून कोरडे. मग ते घेऊन ती वर आली आणि तुझ्या तोंडाकडे बघत उभी राहिली. जमलेत का, एवढंच तिला हवं होतं. शिकायला आली होती ती. आणि आपण तिला सांगितलं, कृपया पुन्हा आणू नका. डबा उघडून पाहिला म्हणालीस ना, त्यात तिला निदान एक तरी खरा लाडू मिळेल असं वाटलं असणार.

हे ‘आपण’ मी तुला बरं वाटावं म्हणून लिहिलं नाही. माझ्याच सांगण्यावरून झालं. मला भेटवस्तूंचे सगळे नियम पाठ, पण एखाद्या जपानी बाईला सहज एक पदार्थ करून बघावासा वाटेल हे माझ्या कुठल्याच धड्यात नव्हतं.

तुला हव्या त्या चार ओळी मी लिहायला घेतल्या. चार वेळा लिहिल्या, चार वेळा फाडल्या. सगळ्या ओळी पाठ्यपुस्तकातल्या वाटतात, फार सुबक आणि फार थंड. तेव्हा ओळी नाहीत. बेसन घे, साजूक तुपाची बरणी घे, आणि खाली जा. घंटा वाजव. तोंडाने काही बोलू नकोस, म्हणजे चुकणार नाहीस. आणि या बाबतीत माझा सल्ला शेवटचा समज. आजपासून त्या घरात काय करायचं ते तू ठरवायचंस.

वाट पाहते.

आत्या

*

ड्युसेलडॉर्फ, २२ मे २०१७

ती. आत्या,

इतके दिवस लिहिलं नाही म्हणून चिडली असशील. चीड. मी रोज खालच्या मजल्यावर होते.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी गेले. घंटा वाजवली. तिने दार उघडलं आणि माझ्या हातातलं पीठ आणि बरणी पाहिली. मी ते खाली ठेवून दोन्ही हातांनी हवेतच लाडू वळून दाखवला, मग स्वतःकडे बोट करून डोकं आपटून घेतल्यासारखं केलं. ती लालबुंद झाली. मग तोंडावर हात धरून इतकी हसली, इतकी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. त्यातलं सगळंच हसण्याचं नव्हतं, आत्या. मलाही आवरलं नाही. आम्ही दोघी दारातच उभ्या राहून डोळे पुसत होतो आणि समोरच्या घरातली शेजारीण फ्राउ बेकर दाराच्या फटीतून बघत होती.

मग भाजायला बसलो. तिला वाटायचं, रंग बदलला की झालं. मी तिचं मनगट धरून म्हणायची, ‘नोख निश्ट, नोख निश्ट’, अजून नाही. वास सुटला तेव्हा तिला आपोआप कळलं. तूप तिने आधी हुंगून पाहिलं, मग बोटाने चाखलं, मग उठून वहीत लिहून घेतलं. दुसऱ्या खेपेला तिचे लाडू माझ्यापेक्षा गोल झाले. मला जरा रागच आला.

आता जत्रा. परवा शनिवारी तिनेच मला युकाता नेसवला, गर्द निळा, पांढऱ्या फुलांचा. माझा डावा-उजवा गोंधळ झाला तेव्हा तिने घाईघाईने माझे हात बाजूला केले. डावी बाजू वर असायला हवी; उलटं नेसवतात ते फक्त मेलेल्या माणसाला! तुला हे ठाऊक असणारच. मग तिच्या जपानी मैत्रिणींबरोबर आम्ही तिघी-चौघी पूल ओलांडून गेलो. बायका पंखे घेऊन, मी घामाघूम.

तू विचारशील म्हणून सगळं बघून ठेवलंय. कंदील होते, पण थोडे, आणि त्यातले निम्मे प्लास्टिकचे. टपऱ्या काठाने दूरपर्यंत. ऑक्टोपसचे गरम गोळे एका तव्यावर, आणि शेजारच्या तव्यावर जर्मन सॉसेज. बर्फाचा चुरा घालून रंगीत पाक. ढोल इतके मोठे की छातीत वाजतात. आणि पायऱ्या भरून जर्मन पोरंपोरी, निळे-गुलाबी केस, पाठीला पंख, कमरेला पुठ्ठ्याच्या तलवारी, कुठल्या कुठल्या जपानी कार्टूनमधली सोंगं. हे तुझ्या धड्यात खात्रीने नाही. मी ओकुमुरा-सानला विचारलं, तुमच्याकडे असं असतं? ती म्हणाली, नाही नाही, हे फक्त इथे, आणि तीच त्यांचे फोटो काढत सुटली. अंधार पडायला साडेदहा वाजले. मग नदीवर दारूकाम. लाखभर माणसं एका सुरात ‘आऽऽ’ करतात. ती माझ्याशेजारी पायरीवर बसून बघत होती आणि एकदम म्हणाली, माझ्या गावी पण अगदी अशीच नदी आहे.

तेव्हा मी तिला तुझं सांगितलं. तीस वर्षं जपानी शिकवणारी माझी आत्या पुण्यात आहे म्हटलं. तिने विचारलं, त्या जपानमध्ये कुठे राहायच्या? म्हटलं, कधीच गेली नाही. मग तिने तुझा पत्ता मागितला. मी दिलाय. तुला न विचारता दिला, रागावू नकोस.

तुझी शमिका

*

पुणे, १ जुलै २०१७

चि. शमे,

तुझ्या मैत्रिणीचं पत्र दोन आठवड्यांपूर्वीच आलं. गिफूहून, नागारा नदीच्या काठावरून. पोचल्या पोचल्या लिहिलंय. तीन पानं, उभ्या ओळी, हाताने. पहिलं पान मी उभ्यानेच वाचलं. मग खुर्चीत बसले.

ती लिहिते, ऑगस्टमध्ये आमच्या नदीवर जत्रा असते. रात्री होडीत मशाल पेटवून पाणकावळ्यांकडून मासे धरतात, तेही दाखवते. खोली रिकामी आहे. गुडघ्यांसाठी खुर्ची आणून ठेवते. म्हणजे तू गुडघ्यांचंही सांगितलंस! पुढे तिने लिहिलंय की मी शमिका-सानला विचारून विचारून खूप शिकले, तुम्हीही येऊन विचारा.

आता तुला एक सांगते, हे मी कोणाशी बोलले नाही. तुझ्या आजीचं आजारपण खरं होतं, कावीळही खरी होती. पण त्यानंतर दोनदा संधी आली होती आणि तेव्हा अडचण काहीच नव्हती. मला भीती वाटत होती. तिथे स्टेशनवर उतरून मी तोंड उघडीन आणि समोरच्याला कळणारच नाही, असं वाटायचं. मग इतकी वर्षं मी त्या पोरांना काय शिकवलं? न गेलेलं बरं, निदान इथे सगळे मला सेन्सेई म्हणतात. ही भीती अजून तशीच आहे, शमे. परवा तिचा फोन नंबर फिरवला आणि घंटा वाजायच्या आत ठेवून दिला.

पण तू एक अक्षर येत नसताना तिच्या दाराची घंटा वाजवलीस. मी मात्र सगळी अक्षरं येऊन सहासष्ट वर्षांची होईपर्यंत घरी बसले. याची मला लाज वाटली, आणि त्याहून जास्त उत्सुकता वाटली. पाणकावळा मासा धरतो आणि गिळत नाही, हे कसं? मला ते जवळून बघायचंय. ती तिथल्या बोलीत काय म्हणेल ते मला कळणार नाही, तर विचारीन. फार तर हसेल.

व्हिसा काल हातात आला. पुढच्या महिन्याचे वर्ग बंद ठेवलेत. विद्यार्थ्यांना कारण सांगितलं तर ते टाळ्या वाजवायला लागले, मेले. देवदत्तला आशीर्वाद सांग.

आणि पुढचं पत्र पुण्याच्या पत्त्यावर टाकू नकोस. मी घरी नसेन.

तुझी
चारूआत्या